पूर ओसरला, आता घरात सुरुवात कुठून करू?

काल पाणी उतरलं, आज सकाळी घरात पाय ठेवला. हॉलमध्ये कंबरेपर्यंत पाणी होतं, भिंतीवर रेघ सरळ दिसतेय आणि खाली वीतभर गाळ. कपाटाचं दार फुगलंय, उघडतच नाही आणि नेमकी सगळी कागदपत्रं त्यातच. आई म्हणतेय फ्रिज पुसून लावून तर बघू, भाऊ बाईकला किक मारायला निघालाय, दोघांना कसंबसं थांबवलंय पण मलाही काही कळत नाहीये. आधी काय करू? पायाला पत्रा लागून थोडं कापलंय, तसाच फिरतोय.

उत्तर १
आधी पायाचं बघ बाबा, फ्रिज कुठे पळून जात नाही. साबण लावून स्वच्छ पाण्याने धू आणि आजच डॉक्टरकडे जा, पुराच्या पाण्यात फिरलोय हे स्वतःहून सांग म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळी द्यायची का ते बघतील. लेप्टोचा ताप लगेच येत नाही, 2 दिवसांपासून ते महिन्याभरात कधीही येतो, तोपर्यंत माणूस पूर विसरलेला असतो.
मेन स्विच बंद आहे का? नसेल तर ओल्यात उभं राहून हात लावू नकोस, लाईनवाल्याला बोलव. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी त्याची बॅटरी जिवंतच असते, हे सगळेच विसरतात. आणि भावाच्या हातातून किल्ली काढून घे. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणजे धुऊन भागलं असतं तिथे अख्खं इंजिन खोलावं लागतं.

उत्तर २
विमा असेल तर काहीही हलवायच्या आधी फोटो काढ, भिंतीवरची रेघ दिसली पाहिजे. मग गाळ. ओला आहे तोवरच काढ, वाळला की दगड होतो. आम्ही दोनदा भोगलंय, पहिल्या वेळी मी शहाणपणा करून सगळा गाळ मोरीत ढकलला, मोरी तुंबली ती आठ दिवस, वर बायकोची बोलणी ती वेगळीच. फावडं घे, घमेल्याने बाहेर काढ, पाणी सगळ्यात शेवटी. बुटात, चादरीच्या ढिगात हात घालताना काठीने हलवून बघ, साप बसलेले असतात. ब्लीचिंग मारताना त्यात टॉयलेट क्लीनर मिसळू नको, क्लोरीन सुटतो, छाती भरून येते. रंगाची घाई नको, भिंत वरून कोरडी वाटते पण आत ओल असते, आमचे पोपडे दोन महिन्यांत पडले.

उत्तर ३
कपाट मागून फोड, मागची प्लाय पातळ असते. ओले कागद ओढून सुटे करू नकोस, फाटतात. गठ्ठा तसाच पिशवीत घालून कुणाच्या तरी डीप फ्रीझरला ठेव, बुरशी थांबते, मग सवडीने थोडे थोडे काढून सावलीत पंख्याखाली सुकव.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांना थँक्स. इंजेक्शन घेतलं, गोळीही दिलीये. कपाट मागूनच फोडलं, कागद आत्याकडच्या फ्रीझरमध्ये गेले, ती म्हणाली आमच्या बर्फाला शाईचा वास येणार. आई अजून फ्रिजवर अडून आहे. आणि भावाने सकाळी मी यायच्या आधीच चार किका मारल्या होत्या म्हणे, आत्ता सांगतोय.