थ्रीडी रिकन्स्ट्रक्शनला पुनर्रचना म्हणायचं का?

एका लेखाचं भाषांतर करतेय, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून एखाद्या जागेचं थ्रीडी मॉडेल कसं करतात त्यावर आहे, आणि पहिल्याच ओळीत रिकन्स्ट्रक्शनला अडकले. पुनर्रचना खटकतंय. ती मंत्रिमंडळाची होते, माणसं तीच नि खुर्च्या बदलल्या, इथे तर एक खुर्ची जरी इकडची तिकडे झाली तरी मॉडेल चुकलं. पुनर्बांधणी म्हणावं तर आधी काहीतरी पडायला हवं ना! कोणी काय वापरता?

— मुळात होतं काय ते बघा. एकच बिंदू दोन कॅमेऱ्यांत थोडा सरकलेला दिसतो, जवळचा जास्त, लांबचा कमी (कॅमेरे समांतर असतील तर अंतर दुप्पट झालं की सरकणं निम्मं). बोट समोर धरून आधी एक डोळा मिटा मग दुसरा, तेच. याला पराशय म्हणतात, खगोलवाले जवळच्या ताऱ्यांची अंतरं यावरूनच काढतात. म्हणजे हे मोजायचं काम झालं. फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मापं काढायचं तंत्र) या शब्दातही मोजणंच आहे, तो १८६७ मध्ये मायडेनबाउअर या जर्मन आर्किटेक्टमुळे आला. हा गडी १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना वरून पडता पडता वाचला, तेव्हा त्याला वाटलं की फोटोवरूनच मापं घेता आली तर! मी तरी त्रिमितीय मापन म्हणेन.

— मापन नाही पटत. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप नाही. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर किंवा समोरच्या एखाद्या वस्तूची लांबी माहीत नसेल तर ते खरं घर आहे की बाहुलीचं, हे गणिताला कळतच नाही.

— बोलताना आपण काय म्हणू? 'फोटोंवरून अख्खी जागा उभी केली.' एखादा प्रसंग डोळ्यासमोर उभा करतो ना तसं. उभारणी नको, निधी आठवतो, क्रियापदच राहू द्या. आणि स्पेसला अवकाश केलंत तर लोक रॉकेट शोधतील, जागा पुरे. डेप्थला खोली म्हणणार असाल तरी जपून, नाहीतर 'खोलीची खोली मोजली' असं व्हायचं.

अहो ते वाक्य लिहून बसलेच होते! आत्ता बदलून 'कॅमेऱ्यापासूनचं अंतर' केलं. उभी करणं आवडलं, लेखात तेच घेते. फक्त तक्त्यांच्या मथळ्यात क्रियापद बसेना म्हणून तिथे नाइलाजाने पुनर्निर्मिती ठेवलंय, कुणाला त्याहून बरं नाम सुचलं तर सांगा.