ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर लॅव्हेंडर ऑइल, कोणी वापरलंय का? मदत हवी आहे

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गोळ्या वेळेवर चालू आहेत आणि त्या बंद करायचा अजिबात विचार नाहीये, पण रात्री दुखणं वर येतं, कूस बदलायची तरी दोन्ही हातांनी पाय उचलून ठेवावा लागतो, मग झोप उडते ती उडतेच.

फिजिओवाल्या ताई म्हणाल्या की लॅव्हेंडरचा वास घेऊन बघा, दुखणं जाणार नाही पण जीव जरा शांत होतो आणि मग तेवढं जाणवत नाही. वाचल्यावर कळलं की त्यात लिनालूल नावाचा घटक असतो, त्याने मन शांत होतं म्हणतात. भुलीनंतरच्या मळमळीला पेपरमिंटचा वास देतात हेही तेव्हाच कळलं. जखमेवर किंवा टाक्यांजवळ तेल लावायचं नाही आणि पोटात तर नाहीच, एवढं पक्कं माहितीये (तरी एका नातेवाइकांनी पाण्यात दोन थेंब घालून प्यायला सांगितलं, काय बोलणार!).

आता अडलंय ते असं, की रुमालावर एक-दोन थेंब टाकून उशीजवळ ठेवलेलं पुरतं का डिफ्युझरच (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) घ्यावा? आईला थोडा दम्याचा त्रास आहे म्हणून डिफ्युझरची भीती वाटते, खोलीभर वास कोंडला तर? दुसऱ्या पायाला नि खांद्यांना मसाज करायचा तर ३० मिली खोबरेल तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के, वयस्कर माणसाला जास्त होतं का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांनी घरी केलंय त्यांनी प्लीज सांगा.