लुकाश मुसियल : आमच्या फॅमिली ग्रुपवर

अनघा (पिट्सबर्ग): काल सासूबाईंना घेऊन डोनोराला गेले होते. इथून गाडीने तासाभराच्या आतच, मोनोंगहेला नदीच्या वळणावरचं जुनं कारखान्यांचं गाव. तिथे 1948 च्या धुरक्यावरचं, म्हणजे कोंडलेल्या विषारी धुरावरचं, एक छोटं संग्रहालय आहे. त्यात एका पोलिश कामगाराबद्दल वाचलं आणि घरी येऊन रात्रभर त्याच्याबद्दलच शोधत बसले. आपल्या गिरणीवाल्या आण्णाआजोबांची फार आठवण आली. मोठा मेसेज आहे, पण वाचाच.

लुकाश मुसियल 1910 साली अमेरिकेत आला. तेव्हा नकाशावर पोलंड नव्हताच, त्याचं गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यातल्या गॅलिसियात होतं. डोनोराच्या तारेच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तारेची जड भेंडोळी उचलून मालगाडीच्या डब्यात भरायची. मेरीशी त्याची गाठ तिथेच, एका नाचाच्या कार्यक्रमात पडली. तीही कारखान्यात खिळे निवडायची. पुढे चार मुली झाल्या, मग दोन मुलगे. इंग्रजी त्याला शेवटपर्यंत नीट आलं नाही. थोरल्या मुलाला घरात सगळे स्टाशू म्हणायचे.

रोहितदादा: थांब, मुसियल? स्टॅन मुसियलचे वडील?

अनघा: हो रे, तोच. पण त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, मला बापाबद्दल सांगायचंय.

शमावहिनी: आम्हाला स्टॅनपण माहीत नाही गं. कोण हा?

रोहितदादा: वहिनी, बेसबॉलमधला फार मोठा फलंदाज. 1941 ते 1963 एकाच संघाकडून खेळला, सेंट लुईस कार्डिनल्स. एकूण 3,630 हिट्स (म्हणजे चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं), त्यातल्या 1,815 घरच्या मैदानावर आणि बरोबर तेवढ्याच बाहेर. 2011 मध्ये ओबामांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

अनघा: तर या मुलाला शाळेत असतानाच कार्डिनल्सकडून करार आला. वय कमी, म्हणून बापाची सही हवी. लुकाश म्हणाला, सही करणार नाही, पोरगा कॉलेजात जाईल. बास्केटबॉल चांगला खेळायचा, त्यामुळे शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. मुलगा रडकुंडीला आला. शेवटी मेरी मध्ये पडली. तिने नवऱ्याला विचारलं, तू या देशात का आलास? तो म्हणाला, इथे स्वातंत्र्य आहे म्हणून. मग कॉलेजला न जायचंही स्वातंत्र्य आहे, असं ती म्हणाली आणि सही झाली.

सुधाकाका: म्हणजे आईमुळे वाचला. बापाने तर पोराचं नशीबच अडवलं होतं.

अनघा: नाही हो काका, मला नाही तसं वाटत. आयुष्यभर भेंडोळी उचलणाऱ्या माणसाला कारखान्यातून सुटायची एकच वाट दिसत होती, शिक्षणाची. खेळून पोट भरतं हे त्याने कुठे पाहिलं होतं? शिवाय त्या मुलाचं शरीर बापानेच घडवलं. पोलिश लोकांची ‘फाल्कन्स’ नावाची संस्था होती, आपल्याकडच्या आखाड्यासारखी. लुकाश मुलांना तिथे कसरत शिकायला न्यायचा. आपण इतकी वर्षं टिकलो ते तिथल्या कसरतींमुळे, असं स्टॅन पुढे सांगायचा. आणि पहिले चेंडू मेरीने चिंध्या गुंडाळून, शिवून केलेले! दोघांचंही देणं आहे ते.

मोठी आत्या (कोल्हापूर): आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धातले निर्वासित पोलिश लोक राहून गेले ना गं, 1943 ते 48. पाच हजारांच्या आसपास. पण त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच होती, पुरुष लढाईवर. तुझा लुकाश त्याआधीच अमेरिकेला गेलेला. बरं, धुरक्याचं काय ते सांग.

अनघा: आत्या, तेच सांगायला जीव जड होतोय. गावात तारेच्या कारखान्याशेजारी जस्ताचा कारखाना होता. ऑक्टोबर 1948 च्या शेवटी वरच्या गरम हवेचं झाकण बसलं आणि धूर खोऱ्यातच कोंडला. पाच दिवस. दिवसाढवळ्या समोरचा माणूस दिसेना. लोकांना रोजच्या धुराची इतकी सवय, की शुक्रवारी हॅलोवीनची मिरवणूक निघाली आणि शनिवारी शाळेचा फुटबॉल सामनाही झाला. सामना चालू असताना एका खेळाडूला ताबडतोब घरी जा म्हणून पुकारलं. वडील गेले होते त्याचे. अग्निशमनवाले ऑक्सिजनच्या टाक्या घेऊन घरोघर फिरत होते, एकेकाला थोडा थोडा देत. रविवारी जस्ताच्या भट्ट्या बंद केल्या, मग पाऊस आला. तोवर 20 माणसं गेली होती. 14 हजारांच्या गावात जवळपास सहा हजार आजारी. त्यांत लुकाशही होता. डिसेंबरमध्ये तो गेला.

त्याच वर्षी मुलाची फलंदाजीची सरासरी .376 (हजार संधींमागे 376 हिट्स), कारकिर्दीतली सर्वोत्तम.

शमावहिनी: बाप रे. वाचून अंगावर काटा आला.

रोहितदादा: अमेरिकेत हवेच्या प्रदूषणावर पहिला केंद्रीय कायदा 1955 चा. त्यामागे डोनोरा होतंच. संग्रहालयावर पाटीच आहे ना, स्वच्छ हवेची सुरुवात इथून झाली अशी?

अनघा: आहे. त्या पाटीखाली सासूबाई कितीतरी वेळ उभ्या होत्या.

सुधाकाका: अनघा, मघाशी घाईत बोललो मी. आण्णा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मॅट्रिकनंतर मी म्हटलं, मला गिरणीत बदली कामगार म्हणून लावून द्या, चार पैसे येतील. आण्णांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, या घरातला मी शेवटचा गिरणीवाला. रात्रपाळी करून यायचे, तासभर खोकायचे, आणि मग माझ्या कॉलेजची फी मोजून हातात ठेवायचे. केसांत कापूस तसाच.

मोठी आत्या: सुधा, हे तू कधी बोलला नाहीस रे आम्हाला.

सुधाकाका: कोणी विचारलं नाही. आता लिहीन म्हणतो. ताई, आण्णांचा गिरणीचा पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या तुझ्याकडेच आहेत ना?

मोठी आत्या: आईच्या ट्रंकेत आहेत. रविवारी काढते, फोटो टाकते इथे. अनघा, तू लुकाशचं सगळं एकत्र करून पाठव. पोरांना दोन्ही एकदमच वाचायला देऊ.