बॅरोमीटर रोज दुपारी खाली उतरतो, बिघडलाय का?

नवा_कॅडेट:
नमस्कार मंडळी, माझी पहिलीच सफर आहे आणि ब्रिजवरच्या (जहाज चालवायची खोली) ॲनेरॉइड बॅरोमीटरची (हवेचा दाब दाखवणारं काट्याचं यंत्र) नोंद लॉगबुकात करायचं काम माझ्याकडे आलंय. सध्या विषुववृत्ताजवळ आहोत, आभाळ स्वच्छ, समुद्र शांत, तरी सकाळी १०ला १०१२ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) दाखवणारा काटा दुपारी ४ला १००९वर आलेला असतो आणि रात्री परत चढतो, चार दिवस हेच चाललंय. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारून पण बघितली, काटा जरासा थरथरतो नि तिथेच बसतो. वादळ येतंय का यंत्रच बिघडलंय?

दर्यावर्दी:
यंत्र ठणठणीत आहे रे, काळजी करू नकोस. उन्हाने वातावरण तापतं त्यामुळे हवेलाही रोजची भरती-ओहोटी असते, सकाळ-रात्री १०च्या सुमारास दाब जास्त आणि पहाटे-दुपारी ४च्या सुमारास कमी, उष्ण कटिबंधात हा फरक साधारण ३ हेक्टोपास्कल असतो म्हणून स्पष्ट दिसतो. म्हणून दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून बघायचाच नाही, कालच्या त्याच वेळेशी ताडायचा. रोजचा चढउतार वजा करून सुद्धा दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ने कमी आला तर सावध व्हायचं, आणि ५ने कमी आला तर वादळ जवळपासच आहे, बहुतेक २०० सागरी मैलांच्या आत, असं समजून चालायचं. हे दोन आकडे पाठच करून ठेव. तुझा काटा रात्री परत चढतोय ना, मग झालं.

जुना_खलाशी:
वरचं सगळं बरोबर, फक्त वेळ स्थानिक धर हं, लॉगमधे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहीत असशील तर १० आणि ४ चा मेळ लागणार नाही. शिवाय ब्रिज पाण्यापासून किती उंच आहे ते बघ, दर ८ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, तेवढा मिळवल्याशिवाय सरासरीशी तुलना करू नकोस. वाऱ्याचंही तसंच, चालत्या जहाजावरचा ॲनिमोमीटर जहाजाचा वेग मिसळलेला वारा दाखवतो, खरा वारा हिशेब करून काढावा लागतो.

नवा_कॅडेट:
खूप आभार दोघांचे! ब्रिज २४ मीटरवर आहे, म्हणजे ३ मिळवायचे होते आणि मी चार दिवस नुसता काटाच लिहीत बसलोय. आज वॉचवर (पाळीवर) गेलो की सेकंड ऑफिसरना दाखवून सगळ्या नोंदी दुरुस्त करतो.