मदत हवी आहे: डोळ्याचा सिलिंडर नंबर (एकाच दिशेला असणारा) बसून मोजला, चष्मा घालवायचं लेसर झोपवून करणार. अॅक्सिस, म्हणजे त्या नंबरचा कोन, हलत नाही का?

राम राम मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) ऑपरेटर. दिवसभर कूलंटचे शिंतोडे चष्म्यावर, दर दहा मिनिटांनी शर्टाला पुसायचा, काचेला चरे एवढे पडलेत की विचारू नका, म्हणून लेसरचं मनावर घेतलंय. उजव्याला सिलिंडर २.५०, अॅक्सिस १७०, डाव्याला ०.७५.

परवा तपासणीला गेलो, हनुवटी टेकवून बसवलं, डोळ्याचा नकाशा काढला. मी सहज विचारलं ऑपरेशन पण असंच बसवून का, तर म्हणे नाही, झोपवून. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. आमच्यात एका सेटअपला जॉब मोजून दुसऱ्यावर चढवला आणि परत डायल लावून जागा न तपासता कट घेतला तर संध्याकाळपर्यंत रिजेक्शनचा ढीग लागतो.

घरी येऊन वाचत बसलो तर खरंच की, माणूस आडवा झाला की डोळा जागच्या जागी घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरतो, बहुतेकांचा २ ते ४ डिग्री, काहींचा १० च्या आसपास पण. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याचा सिग्नल आडवं झाल्यावर बदलतो, शिवाय एक डोळा झाकला की दोघांनी मिळून धरलेली लाइन सुटते. मग गणित मांडलं. कोन चुकला की उरणारा सिलिंडर म्हणजे मूळ नंबर गुणिले २ गुणिले त्या कोनाचा साइन. ५ डिग्रीला १७ टक्के, १० ला ३५, आणि ३० ला तर नंबर होता तेवढाच, फक्त दुसऱ्या दिशेला! माझ्या उजव्यात १० डिग्री गेली तर ०.८७ शिल्लक, डाव्यात ०.२६, डाव्याचं जाऊ दे.

काउंटरवर विचारलं तर "ट्रॅकर आहे सर, टेन्शन घेऊ नका" एवढंच. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:
दादा, शंका बरोबर आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. साधा ट्रॅकर बाहुली डावी-उजवी, वर-खाली सरकली तर पकडतो, बाहुली गोल असल्यामुळे जागेवर फिरलेलं त्याला कळत नाही. त्यासाठी आयरिस रजिस्ट्रेशन लागतं, बसून काढलेल्या फोटोतल्या बुबुळाच्या रेषा झोपल्यावरच्या फोटोशी जुळवतात आणि फरक वळवून घेतात. कधीकधी बाहुली लहान-मोठी झाल्यामुळे फोटो जुळतच नाही, तेव्हा काय करणार ते आधी विचारा. जुना पण चांगला उपाय म्हणजे झोपवायच्या आधी, ताठ बसलेलं असतानाच बुबुळाच्या कडेला ३ आणि ९ वाजताच्या जागी शाईचे ठिपके. स्माइल (लेसरचाच एक प्रकार) असेल तर या खुणा बघून कोन कसा जुळवणार ते विचारा. आणि हो, बेडवर डोकं वाकडं राहिलं तर ती चूक वेगळीच, ती यात धरू नका. लेन्स वापरत असाल तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या तेही विचारा.

धागाकर्ता:
ताई, ट्रॅकरचं आत्ता डोक्यात शिरलं. म्हणजे एक्स-वाय बघतो, रोटरी बघत नाही. शनिवारी सुट्टी आहे, डॉक्टरांनाच गाठतो. ती शाई झोंबते का ओ?

प्रतिसाद:
नाही, आधी बधिर करायचा थेंब घालतात.