इफिस १:१८ मधली "पाचारणाची आशा" तरुण संघात कशी शिकवावी?

तासगाव_बायबलवर्ग

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत शनिवारी संध्याकाळी तरुण संघाचा बायबलवर्ग भरतो. वय साधारण १८ ते २८. काही जण कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला आहेत, काही मुली मिरजेत नर्सिंगला, कोणी घरची द्राक्षबाग बघतो, कोणी एमपीएससीच्या तयारीत. पुढचे सहा शनिवार पौलाच्या इफिसकरांस पत्रातली "पाचारणाची आशा" (पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं) हा विषय घ्यायचा ठरला आहे.

अडचणी दोन. पहिली, "पाचारण पाळकसाहेबांना असतं, आम्हाला नोकरी असते" असं बहुतेकांच्या मनात पक्कं बसलंय. दुसरी जास्त अवघड आहे. उन्हाळी शिबिरात ज्यांनी पुढे येऊन सेवेसाठी जीवन वाहिलं, त्यांच्यापैकी काही आता उपासनेलाही यायला कचरतात. पुढे काहीच घडलं नाही, म्हणजे देवाने पाचारण काढून घेतलं, अशी त्यांची समजूत झाली आहे.

सुरुवात कुठून करावी, कोणते उतारे घ्यावेत, खचलेल्यांशी काय बोलावं? आणि बायबल कॉलेजला जायचं म्हणणाऱ्यांना काय सांगावं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

कृष्णाकाठ_मिरज

सलाम. पहिली सूचना ही की १:१८ पासून सुरुवात करू नका, १:३ पासून करा. १८वं वचन प्रार्थनेच्या मधलं आहे आणि ती प्रार्थना आधीच्या बारा वचनांवर उभी आहे. देवाने निवडलं, दत्तक घेतलं, ख्रिस्ताच्या रक्ताने मुक्ती दिली, पवित्र आत्म्याचा शिक्का मारला. एवढं सगळं मांडून झाल्यावर पौल १५व्या वचनापासून प्रार्थना करतो की यांचे अंतःकरणाचे डोळे उघडोत आणि यांना तीन गोष्टी कळोत: पाचारणाची आशा, वतनाचं वैभव, आणि ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवणारं सामर्थ्य. या तिन्हींत कोणी कोणतं काम करावं याचा उल्लेखसुद्धा नाही. लिहिणारा स्वतः कैदेत आहे (३:१, ४:१), त्याचा प्रवास बंद आहे, तरी त्याची आशा बंद पडलेली नाही.

तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर ४:१ मध्ये आहे. "पाचारणाला शोभेल असे चाला" म्हटल्यावर पौल लगेच नम्रता, सौम्यता, सहनशीलता आणि एकमेकांना सांभाळून घेणं सांगतो. पद किंवा हुद्दा सांगत नाही. ४:४ मध्ये तर स्पष्ट आहे की सगळ्यांना एकाच आशेत बोलावलं आहे. पाळकसाहेब आणि रात्रपाळीचा ऑपरेटर यांचं मूळ पाचारण एकच. ४:११ मधल्या सेवा वेगवेगळ्या आहेत, पण त्या नंतर येतात. वर्गात नेमका हा क्रम उलटा होतो. "माझं पाचारण काय?" या प्रश्नाने सुरुवात झाली की आशा परीक्षेच्या निकालावर, प्रवेशावर, नेमणुकीवर टांगली जाते आणि ते हुकलं की आशाही जाते.

पहिल्या शनिवारी सहाही अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचा, मध्ये एक शब्दही समजावू नका. अर्ध्या तासाच्या आत होतं. दुसऱ्या शनिवारी १:३-१४. मूळ ग्रीकमध्ये हे एकच लांबलचक वाक्य आहे, तेव्हा दोनदा आणि सावकाश वाचा. मग १:१५ ते २:१०, नंतर ४:१-१६, पाचव्या शनिवारी ४:१७ ते ६:९, शेवटी ६:१०-२०. ज्यांना घरी वाचायचं आहे त्यांना १ करिंथ ७:१७-२४ आणि रोम ८:१८-३० द्या.

वेळ सव्वा तास धरा: वाचन वीस मिनिटं, चर्चा अर्धा तास, उरलेला सगळा वेळ दोघादोघांनी प्रार्थना. बहुतेक ठिकाणी घेणारा पाऊण तास बोलतो आणि प्रार्थना दोन मिनिटांत उरकते. पौलाने हा विषय प्रार्थनेतच मांडला आहे, म्हणून इथे प्रार्थनेचा वेळ कापला तर धडा अर्धवट राहतो.

अजिंक्यतारा_वाचक

मी फक्त शिबिरातल्या मुलांबद्दल लिहिते, कारण त्यांना सांभाळताना घाई होते.

त्यांच्याशी बोलताना तीन गोष्टी वेगळ्या काढा. त्या रात्री त्यांनी स्वतःला ख्रिस्ताला दिलं, ते वाया गेलेलं नाही आणि जाणार नाही. त्यासोबत मनात एखादी योजना होती: मिशनरी होईन, अमुक वर्षी कॉलेजला जाईन. ती बदलू शकते. आणि कोणी डोक्यावर हात ठेवून "देव तुला अमुक करणार" असं सांगितलं असेल, तर १ थेस्सल ५:२०-२१ प्रमाणे ते तुच्छही मानायचं नाही आणि पारखल्याशिवाय धरूनही ठेवायचं नाही. या तिन्हींची गाठ बसली की योजना मोडल्यावर मुलाला वाटतं देवच मोडला.

रोम ११:२९ (देवाची कृपादानं व पाचारण मागे घेतली जात नाहीत) हे वचन सगळे देतात. द्या, पण तिथे पौल इस्राएलाबद्दल बोलतो आहे हे सांगूनच द्या, नाहीतर चौकस मुलगा घरी जाऊन अध्याय उघडतो आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. फिलिप्पै १:६ आणि १ थेस्सल ५:२४ इथे जास्त थेट बसतात. यिर्मया २९:११ चं ("तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत") कार्ड तर या मुलांना मुळीच देऊ नका. ते बाबेलात बंदिवासात नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आदल्याच वचनात बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत आणि ५ ते ७ मध्ये बाबेलातच घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे. अख्खं पत्र वाचून घेणार असाल तर मात्र त्याच्याइतका चांगला उतारा नाही.

उपदेशाआधी विलाप करू द्या. स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र वाचा. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हे पालुपद तीनदा येतं (४२:५, ४२:११, ४३:५). म्हणजे स्तोत्रकर्त्यालाही एकदा म्हणून पुरलेलं नाही. मग वहीत प्रत्येकाने स्वतःचं लिहावं: देवाला हाक, गाऱ्हाणं, मागणं आणि जमलं तर भरवशाची एक ओळ. वीस मिनिटं द्या, कोणालाही वाचून दाखवायला लावू नका. भरवशाची ओळ सुचली नाही तर चालेल. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. जबरदस्तीने लिहिलेली आशेची ओळ मुलाला स्वतःलाच खोटी वाटते.

१ राजे १९ जरूर घ्या. मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोपू दिलं, दोनदा खाऊ-पिऊ घातलं, मग होरेबपर्यंत चालवलं, तिथे त्याचं म्हणणं दोनदा ऐकलं आणि त्यानंतर पुढचं काम सांगितलं. "मी एकटाच उरलो" या त्याच्या म्हणण्याला उत्तर मिळालं: अजून सात हजार आहेत. आपणही हाच क्रम पाळावा. झोप उडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवडे सतत चाललं असेल तर डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा कानावर आली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि त्याला एकटं सोडू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, हे पाळकसाहेबांनी सर्वांसमोर सांगितलं तर फार मदत होते.

वाई_घाट

बायबल कॉलेजबद्दल. प्रेषितांची कृत्ये १३:१-३ वाचा. पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना वेगळं करायला सांगितलं तेव्हा ते अंत्युखियाच्या मंडळीत आधीपासून शिकवत होते, आणि तो शब्द उपास व उपासना करणाऱ्या मंडळीला मिळाला. म्हणून जायचं म्हणणाऱ्याला आधी किमान एक वर्ष मंडळीत बिनमानधनाचं, नाव न होणारं काम द्या: संडेस्कूलचा लहान वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची तयारी. वर्षअखेरीस एक वडील, घरचं एक माणूस आणि मित्र नसलेलं एक माणूस अशा तिघांना वेगवेगळं विचारा. १ तीमथ्य ३ मधली यादी बहुतांश स्वभावाची आहे. वक्तृत्व तिच्यात नाही, शिकवण्याची हातोटी मात्र आहे.

दोन कारणांनी निघालेल्यांना थांबवा. नोकरी मिळत नाही म्हणून जाणारा, आणि "हन्नेसारखं आईने मला वाहिलंय" एवढंच सांगणारा. आईची प्रार्थना मोलाची आहे, पण हन्नेच्या मुलाला, शमुवेलाला, देवाने स्वतः हाक मारली होती.

अर्ज करण्याआधी आपल्या चर्च कौन्सिलला विचारा की दीक्षेसाठी (पाळक म्हणून नेमणुकीसाठी) कोणती पदवी चालते. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, इतरही संस्था आहेत. पदवी सेरामपूर सिनेटची (धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची) आहे का हे लेखी पाहून घ्या. फी भरल्यावर हे कळलं तर वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

वय निघून गेलं असं वाटणाऱ्यांना नारायण वामन टिळकांची आठवण द्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि १९१७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. कामाचं स्वरूप उतारवयात बदललं, बोलावणारा तोच होता.

तासगाव_बायबलवर्ग

मनापासून आभार. आखणी बदलतो. दोन शंका राहिल्या. इफिस ६:५-८ दासांना उद्देशून आहे, ते एमआयडीसीतल्या मुलांना कसं सांगायचं? आणि नर्सिंगच्या मुली रात्रपाळीमुळे निम्मे शनिवार येऊ शकत नाहीत.

कृष्णाकाठ_मिरज

६:५-८ कधीही ६:९ शिवाय वाचू नका. तिथे धन्यांना धमकावणं सोडायला सांगितलं आहे, कारण स्वर्गातला धनी दोघांचाही आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही. ओव्हरटाइमचे पैसे बुडवणं हे कोणाचंही पाचारण नाही, आणि ते मागणं हा अविश्वास नाही. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. १ करिंथ ७:२१ मध्येही मोकळं होता येत असेल तर व्हावं असंच आहे. मुलांना सांगायचं ते एवढंच की सुपरवायझरने पाहिलं नाही तरी नीट केलेलं काम प्रभू पाहतो.

मिरजेचा विषय निघाला की डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या हॉस्पिटलचं उदाहरण येतंच. अवश्य द्या. पण बेडपॅन बदलणाऱ्या मावशी आणि सर्जन यांना याच पत्रातली एकच आशा आहे, हे त्याच दमात सांगा.

रात्रपाळीच्या मुलींना व्हॉट्सॲपवर पूर्ण धडा पाठवू नका, कोणी वाचत नाही. त्या आठवड्याचा उतारा वाचून त्याचा पाच मिनिटांचा ऑडिओ करा. शिवाय पहिल्याच शनिवारी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा, न येणाऱ्यांच्याही. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने आठवडाभर रोज १:१७-१९ ही प्रार्थना त्या नावाने करायची, "तुमचे" आहे तिथे ते नाव घालून. दर शनिवारी चिठ्ठ्या बदला. शिबिरातली जी मुलं यायची थांबली आहेत त्यांची नावंही त्यात घाला, आणि ज्याला ते नाव येईल त्याने त्या आठवड्यात एकदा घरी जाऊन चहा घेऊन यावा. वर्गाला का येत नाहीस हे विचारू नये.