जर्मनीत पोस्टडॉक: जाहिरातींची वाट बघायची की थेट मेल करायचे?

निवडुंग_७
सेंद्रिय रसायनात पीएचडी, थीसिस पुढच्या महिन्यात सबमिट होतोय (पुणे). व्हायवा (तोंडी परीक्षा) कधी होईल देव जाणे. जर्मन विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा) हवी आहे. प्रोफेसरांना मेल टाकले की उत्तरच येत नाही. नेमकं कुठे शोधायचं? आणि डिग्री हातात नसताना अर्ज चालतो का?

काचसामान
आधी पैसा शोधा, प्रोफेसर नंतर. तिथे बहुतेक पोस्टडॉकचा पगार मंजूर प्रकल्पातून निघतो. प्रोफेसरला तुम्ही कितीही आवडलात तरी ग्रँट नसेल तर तो काय उत्तर देणार?

डीएफजी म्हणजे तिथली मुख्य अनुदान संस्था. तिचा 'गेप्रिस' हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. त्यात विषय टाका आणि यंदा किंवा गेल्या वर्षी सुरू झालेले प्रकल्प वेगळे काढा. चौथ्या वर्षात पोचलेल्या प्रकल्पाच्या नादी लागू नका, तिथली माणसं भरून झालेली असतात. दुसरी जागा ईआरसी (युरोपियन रिसर्च कौन्सिल) स्टार्टिंग ग्रँटची यादी. पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत मिळतात आणि विजेत्याला नवा ग्रुप उभारायचा असतो. यादी आली की आठवड्याभरात मेल जाऊ दे.

मेल दीडशे शब्दांचा पुरे. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कुठल्या प्रकल्पात तुमचं कुठलं तंत्र कामी येईल ते लिहा. 'रिस्पेक्टेड सर' आणि खाली पेपरचं कॉपी केलेलं शीर्षक, असे मेल ते रोज डिलीट करतात. सीव्ही, प्रकाशनं, दोन रेफरन्स, सगळं एकाच पीडीएफमध्ये द्या.

जाहिराती युरॅक्सेसवर (युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांचं पोर्टल) आणि विद्यापीठांच्या साइटवर असतात. जाहिरातीचा संदर्भ क्रमांक विषयाच्या ओळीत टाकाच, नाहीतर अर्ज ऑफिसातच भरकटतो.

दुपारचा_चहा
डिग्रीबद्दल: अर्ज करा, पण सीव्हीत 'थीसिस सादर, व्हायवा अपेक्षित' असं महिन्यासकट स्पष्ट लिहा. करार होताना प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागतील. व्हायवा झाल्या झाल्या परीक्षा विभागात त्यासाठी अर्ज टाका, पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका.

एक सापळा आहे. हम्बोल्ट फेलोशिप (पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, अर्ज वर्षभर कधीही) डोक्यात असेल तर भारतातूनच अर्ज करा. आधी प्रकल्पावर जाऊन सहा महिन्यांहून जास्त राहिलात की ती गेली. मारी क्युरी या युरोपियन युनियनच्या फेलोशिपचंही तसंच: डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही.

निवडुंग_७
गेप्रिस माहीतच नव्हतं! फेलोशिप आणि नोकरी, पैशाच्या दृष्टीने फरक किती?

काचसामान
आकड्यापेक्षा प्रकार बघा. नोकरी म्हणजे टीव्ही-एल (तिथल्या राज्य सरकारी नोकरांचा वेतनकरार) मधली ई १३ श्रेणी, पोस्टडॉकसाठी शक्यतो १०० टक्के. जाहिरातीत ५० किंवा ६५ टक्के दिसलं तर ती बहुधा पीएचडीची जागा असते, नीट वाचा. पगारातून आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारी विमा कापला जातो, पण त्या बदल्यात हक्क मिळतात. फेलोशिपच्या स्टायपेंडमधून कापाकापी नाही, मात्र विमा आपला आपण काढायचा.

सही करण्याआधी ई १३ मधली पगाराची पायरी विचारा. संबंधित कामाचा अनुभव मोजून वरची पायरी मिळू शकते, पण कागद लागतात: नेमणूकपत्र, तारखांसह अनुभवपत्र. जेआरएफचा (आपल्याकडच्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा) काळ धरतील की नाही हे तिथलं मनुष्यबळ कार्यालय ठरवतं. प्रोफेसरला विचारून उपयोग नाही, बिचाऱ्याला बहुतेकदा ठाऊकच नसतं.

दुपारचा_चहा
आणि मुलाखतीत एवढं विचारून घ्याच: ग्रँट कुठल्या महिन्यापर्यंत आहे? 'दोन वर्षं, वाढण्याची शक्यता' असं म्हणतात आणि करार एका वर्षाचा हातात ठेवतात.